उन्हाळी नांगरट, फवारणी आणि ट्रॅक्टरचे डिझेल

पीक संरक्षणाच्या जवळजवळ प्रत्येक शिफारस-पत्रकात पहिली ओळ ठरलेली असते : ‘उन्हाळ्यात जमिनीची खोल नांगरट करावी.’ जमिनीतील कोष व अळ्या उघड्यावर येतात, उन्हाने मरतात, पक्षी त्या वेचून खातात, हे त्यामागील शास्त्र खरे आहे. मात्र ही ओळ लिहिणाऱ्याला तिचा खर्च सोसावा लागत नाही. तो शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या टाकीतून जातो. कोणत्या किडीसाठी, किती खोल आणि कोणत्या महिन्यात, हे तीन प्रश्न न विचारता केलेली नांगरट पुष्कळदा डिझेल खाते आणि कीड जागच्या जागी ठेवते. फवारणीचीही तीच कथा आहे. म्हणून ट्रॅक्टरच्या इंधन-बचतीचा विचार केवळ यंत्राच्या देखभालीपुरता न ठेवता, ट्रॅक्टर शेतात नेण्याचे कारण काय, येथपासून तो करणे आवश्यक ठरते.

एका नांगरटीचा हिशोब

एक हेक्टर जमीन २० सेंमी खोल नांगरणे म्हणजे २,००० घनमीटर माती कापून उलटवणे. मातीची घनता १.३ धरली तर हे वजन २,६०० टन भरते. खोली ३० सेंमी केली की ते ३,९०० टनांवर जाते. शेतकरी ‘थोडे खोल घ्या’ असे चालकाला सांगतो तेव्हा या थोड्यात १,३०० टन माती सामावलेली असते.

याचे डिझेलमध्ये रूपांतर करणे अवघड नाही. भारी काळ्या जमिनीत नांगराने कापलेल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे ०.८ किलोग्रॅम ओढ लागते असे धरू. २० सेंमी खोलीसाठी हेक्टरी सुमारे १५७ मेगाज्यूल इतके काम होते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. परंतु तिच्यातील मोठा भाग इंजिनाच्या उष्णतेत आणि धुराड्यातून निघून जातो, उरलेल्यातील काही भाग गिअरमध्ये व चाकांच्या घसरण्यात जातो. नांगराच्या फाळापर्यंत पोहोचते ती जेमतेम १८ ते २० टक्के. म्हणजे लिटरमागे साडेसहा-सात मेगाज्यूल. या हिशोबाने २० सेंमी नांगरटीला हेक्टरी २३-२४ लिटर आणि ३० सेंमी नांगरटीला ३५ लिटरच्या आसपास डिझेल लागते. प्रत्यक्षात खोलीबरोबर माती अधिक घट्ट लागत असल्याने दुसरा आकडा वरच जातो.

जमिनीतील ओलावा हा या हिशोबातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. वर धरलेली ०.८ किलोग्रॅमची ओढ वाफशावरच्या जमिनीसाठी आहे. एप्रिलमध्ये वाळून दगड झालेल्या काळ्या जमिनीत ती बरीच वाढते. नांगर ढेकळे उपटतो, ट्रॅक्टर काळा धूर सोडतो आणि मागून ती ढेकळे फोडण्यासाठी रोटाव्हेटरच्या एक-दोन फेऱ्या कराव्या लागतात. तीच जमीन पीक निघाल्यावर आठवडा-दहा दिवसांत, ओल शिल्लक असताना नांगरली तर ओढ कमी, ढेकळे लहान आणि पुढची फेरी बहुधा वाचते.

आपल्या ट्रॅक्टरला खरोखर किती डिझेल लागते हे पाहण्यासाठी कोणतेही उपकरण नको. सपाट जागी टाकी काठोकाठ भरावी, मोजलेले एक एकर काम करावे, त्याच जागी पुन्हा काठोकाठ भरावी आणि किती लिटर बसले ते वहीत लिहावे. सोबत खोली, गिअर आणि जमिनीची स्थिती यांची नोंद असावी. विस्तार कार्यकर्त्याने गावात अशा पाच-सहा ट्रॅक्टरांच्या नोंदी एकत्र केल्या तर एकाच कामाला लागणाऱ्या डिझेलमध्ये किती तफावत असते, ते सर्वांना एकाच बैठकीत दिसते. त्यानंतरच्या सूचना मग सहज ऐकल्या जातात.

कीड नेमकी कोठे असते

घाटे अळी, तंबाखूवरील पाने खाणारी अळी आणि २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळून देशभर पसरलेली मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी या तिन्ही किडी जमिनीत कोषावस्थेत जातात. परंतु त्यांचे कोष फार खोल नसतात. बहुतेक कोष वरच्या दहा सेंटिमीटरच्या थरातच आढळतात. ऑस्ट्रेलियातील कापूस उत्पादक घाटे अळीचे जमिनीतील कोष नष्ट करण्यासाठी मशागत करतात. तीही दहा सेंमी खोलीपर्यंतच, मात्र शेताचा प्रत्येक भाग हलेल अशी. कोष स्वतः चिरडला गेला नाही तरी पतंगाने वर येण्यासाठी अळीने आधीच करून ठेवलेला मार्ग मोडतो आणि पतंग मातीतच अडकतो. या किडींसाठी पलटी नांगर ३० सेंमी घालण्याचे कारण नाही. कल्टिव्हेटरच्या किंवा वखराच्या आडव्या-उभ्या पाळीने काम भागते आणि त्याला नांगरटीच्या निम्मेच डिझेल पुरते. उलट पलटी नांगराच्या खोल तासात काही कोष उन्हापासून सुरक्षित खोलीवर गाडले जातात, हेही ध्यानात घ्यावे.

हुमणीचे गणित वेगळे आहे. पावसाळ्यात अळ्या मुळांच्या थरात खातात. पूर्ण वाढ झाल्यावर त्या खोल जाऊन कोषावस्थेत जातात. कोषातून निघालेले भुंगेरे जमिनीतच सुप्त राहून वळवाच्या पावसाची वाट पाहतात. म्हणून ऊस, भुईमूग किंवा सोयाबीनच्या ज्या शेतात हुमणी दिसली तेथे पीक निघताच, अळ्या अजून मुळांच्या थरात असताना केलेली नांगरट सर्वाधिक उपयोगी पडते. नांगरामागे बगळे, साळुंक्या, कावळे किती गर्दी करतात यावरून तिचा परिणाम डोळ्यांनी मोजता येतो. मे महिन्यात तेच शेत नांगरले तर मागे पक्षी फिरकत नाहीत. कारण वरच्या थरात त्यांच्यासाठी फारसे काही उरलेले नसते. पक्षी नसलेली नांगरट कीड-नियंत्रणाच्या खात्यावर लिहू नये. हुमणीसाठी त्या काळातला प्रभावी उपाय डिझेलशिवायचा आहे : पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे फांद्या हलवून गोळा करणे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे. मात्र हे काम एकट्याने नव्हे, शिवारातील सर्वांनी एकाच आठवड्यात केले पाहिजे.

कापसावरील गुलाबी बोंडअळीबाबत तर नांगरटीवर भिस्त ठेवणे चुकीचेच ठरते. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील बीटी कापसावर या अळीने जो फटका दिला, त्यानंतर खोल नांगरटीची शिफारस अधिक जोराने होऊ लागली. परंतु ही अळी सुप्तावस्थेत राहते ती प्रामुख्याने न उमललेल्या, किडक्या बोंडांत, सरकीत आणि बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत. पऱ्हाटी उपटून घराशेजारी सरपण म्हणून रचायची आणि मोकळे शेत ३० सेंमी नांगरायचे, यात डिझेल शेतात जळते व कीड घराशेजारी टिकते. फरदड न घेता डिसेंबरअखेर हंगाम संपवणे, शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या चारणे आणि पऱ्हाटीचा श्रेडरने बारीक भुगा करून तो जमिनीत मिसळणे, हा क्रम असावा. कपाशीच्या शेतात एकाच कामासाठी डिझेल खर्च करायचे असेल तर ते श्रेडरवर करावे.

सोयाबीन पट्ट्यात इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेची शिफारस तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करण्याची आहे. मधल्या वर्षांत कल्टिव्हेटर-वखराची मशागत पुरते. ही शिफारस जुनी आहे आणि बहुतेकांना ठाऊकही आहे, तरी दरवर्षी नांगर फिरतोच. शेजाऱ्याचे शेत नांगरलेले दिसते आणि आपले पडीक वाटते, हे त्याचे खरे कारण आहे. तीन तुकडे पाडून दरवर्षी एक तुकडा नांगरण्याचा प्रघात ठेवला तर ही अस्वस्थताही राहत नाही.

पंजाब-हरियाणातील अनुभव

मशागत पूर्णपणे टाळल्यास डिझेल किती वाचते याचे सर्वांत मोठे उदाहरण गंगा-सिंधू मैदानातील भात-गहू पद्धतीत आहे. भात निघाल्यावर गव्हासाठी कल्टिव्हेटर, हॅरो आणि फळी यांच्या पाच-सहा फेऱ्या करण्याची तेथे रीत होती. शून्य मशागत पेरणी यंत्राने त्या जागी एकच फेरी आणली. एका फेरीला हेक्टरी ६ ते ८ लिटर धरले तरी पाच फेऱ्यांचे ३० ते ४० लिटर वाचतात. पेरणी आठवडाभर आधी होते हा लाभ वेगळाच. पुढे ‘हॅपी सीडर’ने उभ्या धसकटांत व पसरलेल्या पेंढ्यात थेट पेरणी शक्य केली आणि भाताचा पेंढा जाळण्याला पर्याय मिळाला.

परंतु मशागत थांबली की जमिनीवरचे व जमिनीतले कीटकविश्वही बदलते. भातावरील गुलाबी खोडकिडा पूर्वी मशागतीत व जाळण्यात बराचसा मरत असे. पेंढा शेतातच राहू लागल्यावर तो धसकटांतून गव्हाच्या कोवळ्या रोपांत जाऊ लागला. ऑक्टोबरमध्ये लवकर पेरलेल्या गव्हात पोंगेमर दिसू लागली. यावरून काहींनी पुन्हा नांगर काढले. ते घाईचे ठरले. ज्या शेतात भातावर खोडकिडा जास्त होता तेथे गव्हाची पेरणी ऑक्टोबरमध्ये न करता नोव्हेंबरवर नेणे, पेरणीनंतर पहिले काही आठवडे रोपांची पाहणी करणे आणि पाणी शक्यतो दिवसा देणे, म्हणजे वर आलेल्या अळ्या पक्ष्यांना मिळतात, या उपायांनी कीड आटोक्यात राहते आणि वाचलेले डिझेल वाचलेलेच राहते. महाराष्ट्रात व मध्य भारतात भातानंतर हरभरा किंवा सोयाबीननंतर हरभरा-गहू शून्य मशागतीने घेणाऱ्यांनी हा अनुभव ध्यानात ठेवावा. मशागत कमी केली तर पहिले दोन हंगाम पाहणी वाढवली पाहिजे. ती पायी होते.

चाकांची घसर आणि गिअर

नांगरट करायचीच असे ठरल्यावर प्रश्न उरतो तो तिला कमीत कमी डिझेल कसे लागेल याचा. येथे सर्वांत मोठी गळती मागच्या चाकांखाली होते आणि ती चालकाच्या आसनावरून दिसत नाही.

घसर मोजण्याची रीत सोपी आहे. मागच्या टायरवर खडूने खूण करावी. नांगर उचलून त्याच शेतात चाकाचे दहा फेरे होऊ द्यावेत आणि कापलेले अंतर पावलांनी न मोजता टेपने मोजावे. नंतर नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे मोजावेत. पहिले अंतर ४१ मीटर आणि दुसरे ३५ मीटर आले तर घसर सुमारे १५ टक्के. दोन चाकी चालनाच्या ट्रॅक्टरसाठी नांगरटीत १० ते १५ टक्के घसर योग्य समजावी. दुसरे अंतर ३१ मीटरच आले तर घसर २४ टक्के. म्हणजे चाकांपर्यंत पोहोचलेल्या ऊर्जेतला जवळपास चौथा हिस्सा माती घासण्यात व टायर झिजवण्यात गेला. अशा वेळी मागच्या चाकांवर वजने लावावीत किंवा टायरमध्ये तीन-चतुर्थांशापर्यंत पाणी भरावे, खोली कमी करावी, झिजलेले टायर बदलावेत. घसर आठ टक्क्यांच्या खाली असेल तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे असे समजावे. ते जादा वजन वाहून नेण्यासही डिझेल लागते आणि त्याखाली मातीही दबते. नांगरटीसाठी लावलेली वजने फवारणी व वाहतुकीच्या हंगामात काढून ठेवण्याचा कंटाळा बहुतेक जण करतात.

टायरमधील हवेचा दाब शेतासाठी व रस्त्यासाठी वेगवेगळा असतो. शेतात मागच्या टायरचा दाब पुस्तिकेतील शेतकामाच्या आकड्याइतका कमी ठेवला तर टायर पसरून पकड वाढते. तोच दाब ठेवून ऊस किंवा खत वाहिले तर टायर रस्त्यावर दबून चालतो, तापतो आणि इंधन वाढते.

हलक्या कामात, म्हणजे पेरणी, वखरणी, सरी किंवा रिकामी ट्रॉली अशा कामांत, इंजिनाची निम्मी शक्तीही वापरली जात नाही. तरीही अनेक चालक थ्रॉटल पुढे ढकलून खालच्या गिअरमध्ये काम करतात, कारण इंजिनाचा आवाज मोठा असला की काम जोरात चालले आहे असे वाटते. इंजिन जितके वेगाने फिरते तितके ते स्वतःच्या घर्षणावरच अधिक इंधन खर्च करते. तोच पुढे जाण्याचा वेग एक-दोन गिअर वर घेऊन आणि थ्रॉटल मागे आणून मिळवावा. भार पेलतो की नाही हे पाहण्यासाठी मध्येच थ्रॉटल किंचित वाढवून पाहावे : इंजिन लगेच वेग घेत असेल आणि धूर काळा होत नसेल तर गिअर योग्य आहे, ते दमत असेल, काळा धूर सोडत असेल तर एक गिअर खाली यावे. पीटीओवर चालणाऱ्या रोटाव्हेटर, मळणीयंत्र यांना ही रीत जशीच्या तशी लागू होत नाही, कारण त्यांना ठरलेले फेरे द्यावेच लागतात. ज्या ट्रॅक्टरला ‘इकॉनॉमी पीटीओ’ची सोय आहे त्यात मात्र कमी इंजिन फेऱ्यांवर ५४० फेरे मिळतात आणि हलक्या कामात ती सोय वापरावी.

शेताचा आकारही डिझेल खातो. दोन मीटर रुंदीच्या अवजाराने एक हेक्टर काम करताना तासाची लांबी ५० मीटर असेल तर शंभर वळणे होतात. २०० मीटर असेल तर पंचवीस. प्रत्येक वळणाला २० सेकंद धरले तर पहिल्या शेतात अर्ध्या तासाहून अधिक काळ ट्रॅक्टर नुसता वळत असतो. भाऊबंदकीत शेत आडवे न वाटता उभे वाटले गेले तर पुढच्या पिढ्यांचे डिझेल वाचेल, पण हा विषय ट्रॅक्टरच्या पलीकडचा आहे.

देखभालीतील काही बाबी

हवेची गाळणी धुळीने भरली की इंजिनाला हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर येतो. मळणी व कोरड्या नांगरटीच्या दिवसांत ती रोज पाहावी. तेलात बुडवलेल्या प्रकारात तेलाची पातळी खुणेपर्यंत असावी आणि तळाशी गाळ जमताच तेल बदलावे. कोरड्या प्रकारात कागदी घटक आपटून किंवा जोराच्या हवेने बाहेरून फुंकून फाडू नये. इंजेक्टर व पंपाची तपासणी पुस्तिकेतील तासांप्रमाणे अधिकृत कार्यशाळेतच करावी. पंपाचे सील तोडून ‘जोर वाढवून’ देणारे मिस्त्री प्रत्येक तालुक्यात असतात. जोर थोडा वाढतो, डिझेल त्याहून अधिक वाढते. दिवसाचे काम संपल्यावर टाकी भरून ठेवली तर रात्री आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होऊन डिझेलमध्ये मिसळत नाही.

मध्यम आकाराचा ट्रॅक्टर जागेवर चालू ठेवला तर तासाला साधारण एक लिटर डिझेल जाते. फवारणीची टाकी विहिरीवर भरताना, चहाच्या वेळी, बांधावर बोलत असताना इंजिन बंद करावे. बॅटरी कमकुवत आहे म्हणून इंजिन बंदच न करणारे चालक पुष्कळ आहेत. नव्या बॅटरीची किंमत एका हंगामातील त्या डिझेलशी ताडून पाहावी.

नवा ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी विक्रेत्याच्या तोंडी ‘ॲव्हरेज’वर विसंबू नये. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात व त्यांचे अहवाल उपलब्ध असतात. त्यांत प्रति किलोवॅट-तास किती ग्रॅम इंधन लागले ते दिलेले असते. हा आकडा जितका कमी तितका ट्रॅक्टर काटकसरीचा. मात्र पूर्ण भारावरचा आकडा एकटाच न पाहता अंशतः भारावरचेही पाहावेत, कारण वर्षातील बहुतेक तास ट्रॅक्टर अंशतः भारावरच चालतो.

फवारणी यंत्रातील डिझेल

फवारणी पंपाला लागणारी शक्ती फार थोडी असते. मिनिटाला ४० लिटर पाणी १५ बार दाबाने सोडण्यासाठी एक किलोवॅट, म्हणजे पंपातील तूट धरूनही दीड अश्वशक्तीच्या थोडे वर, इतकी शक्ती पुरते. ती देण्यासाठी ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर मोठ्या आवाजात चालवला जातो. पंखा नसलेल्या बूम फवारणी यंत्रात पुरेसा दाब टिकतो आणि टाकीतील द्रावण ढवळले जाते, इतकेच फेरे ठेवून वरच्या गिअरमध्ये चालावे.

द्राक्ष, डाळिंब, संत्रा यांच्या बागांतील ब्लोअरमध्ये शक्ती खातो तो पंखा. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे २० टक्के कमी केले तर शक्ती जवळपास निम्म्यावर येते. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पहिले काही आठवडे वेलीवर पाने जेमतेम असतात. त्या वेळी पूर्ण वेगाने पंखा फिरवणे म्हणजे डिझेल जाळून औषध शेजारच्या ओळीपलीकडे उडवणे. पंख्याच्या गिअरपेटीत कमी वेगाची सोय असल्यास ती वापरावी. पीटीओचेच फेरे कमी केले तर पंपाचा प्रवाहही घटतो, म्हणून चालण्याचा वेग किंवा नोझल त्याप्रमाणे जुळवून घ्यावे लागतात. पर्णभार दाट झाल्यावर मात्र काटकसर करू नये. पानांच्या आतल्या बाजूपर्यंत हवा पोहोचली नाही तर मिलीबग व फुलकिडे तसेच राहतात आणि चार दिवसांनी पुन्हा फवारणी करावी लागते. त्या फेरीचे डिझेल आधीच्या बचतीहून कितीतरी अधिक असते.

नोझलची झीज ही आणखी एक अदृश्य गळती. नव्या नोझलचा एका मिनिटाचा प्रवाह मापात धरून लिहून ठेवावा. नवे असताना ६०० मिलि देणारे नोझल त्याच दाबावर ६६० मिलि देऊ लागले, म्हणजे दहा टक्के वाढले, की ते बदलावे. अर्धा मीटर अंतरावरील अशा नोझलांनी ताशी ४ किमी वेगाने हेक्टरी १८० लिटर द्रावण बसते. झिजल्यावर तेच १९८ लिटर होते. पाणी, औषध आणि टाकी भरायच्या फेऱ्या तिन्ही दहा टक्क्यांनी वाढतात. येथे एक इशारा आवश्यक आहे. पाण्याचे प्रमाण कमी करून फेऱ्या वाचवताना कीटकनाशकाची प्रति हेक्टर मात्रा लेबलप्रमाणे तीच ठेवावी लागते. ‘दहा लिटरला इतके मिलि’ हे पाठीवरच्या पंपाचे माप ट्रॅक्टरच्या टाकीला लावले तर मात्रा निम्म्यावर येते, कीड मरत नाही आणि प्रतिकारक्षमता वाढते.

न झालेली फवारणी

वरील सर्व उपायांनी एका फवारणीचे डिझेल काही टक्क्यांनी कमी होते. एक फवारणी टळली तर ते शंभर टक्के वाचते. कपाशीत कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक गुलाबी बोंडअळीचे पतंग, अथवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. हरभऱ्यात मीटरभर ओळीत एक ते दोन घाटे अळ्या. पातळी ओलांडण्यापूर्वी ट्रॅक्टर बाहेर काढू नये. सापळ्याचे आमिष वेळेवर बदलण्याचा खर्च टाकीभर डिझेलच्या तुलनेत नगण्य आहे.

डिझेल वाचवण्याच्या नावाखाली एक घातक सवय मात्र रूढ होत आहे. बुरशीनाशकासाठी ट्रॅक्टर निघालाच आहे, तर ‘सोबत एखादे कीटकनाशकही टाकू’ असे म्हटले जाते. फेरी एकच लागते, म्हणून हे काटकसरीचे वाटते. परंतु कीड नसताना फवारलेले कीटकनाशक आधी मारते ते ढालकिडे, क्रायसोपा आणि परोपजीवी गांधीलमाश्यांना. त्या गेल्यावर रसशोषक किडी वेगाने वाढतात आणि पुढचे दोन महिने दर आठवड्याला फवारणीची पाळी येते. पंजाबात २०१५ साली कापसावर पांढऱ्या माशीचा उद्रेक झाला तेव्हा फवारणीमागून फवारणी करूनही पिके वाचली नाहीत. तेव्हा उडालेले डिझेल कोणत्याही हिशोबात धरले गेले नाही.

कार्यकर्त्यांचा प्रवास

विस्तार कार्यकर्त्यांच्या जीप व मोटारसायकलींनाही हेच नियम लागू आहेत. पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना इंधन-बचतीसाठी ताशी ४५ ते ५५ किमी वेगाचा सल्ला देते. त्यामागचे कारण हवेचा अडथळा : तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ६० वरून ८० वर गेल्यास पावणेदोन पट होतो. टायरमधील हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना तपासावी. जीपच्या टपावर कायमचे बांधून ठेवलेले फलक व चौकटी काढाव्यात.

याहून मोठी बचत फेऱ्यांच्या आखणीत आहे. सापळ्यातील पतंग मोजण्यासाठी कार्यकर्त्याने प्रत्येक गावी जाण्याची गरज नसते. सापळ्याच्या शेजारच्या शेतकऱ्याला पतंग ओळखायला एकदा शिकवावे. त्याने रोज सकाळी मोजून आकडा आणि सापळ्याचे छायाचित्र मोबाइलवर पाठवावे. सलग दोन रात्री आकडा सहाच्या वर गेला त्या गावी तिसऱ्या सकाळी प्रत्यक्ष जावे आणि पाच ठिकाणची वीस-वीस फुले-बोंडे उघडून पाहावीत. एरवी आठवड्यातून एकदा, जवळपासची गावे एकाच फेरीत घेऊन जावे. ओळख चुकण्याची शक्यता सुरुवातीला असते, म्हणून पहिले दोन आठवडे सापळ्यातील पतंग काडेपेटीत ठेवायला सांगावेत आणि साप्ताहिक फेरीत ते तपासावेत.